कडी, आतल्या बाजूची

नोव्हेंबरात मुर्मानला पन्नास पूर्ण होणार होती
आणि कुतैसीतल्या आमच्या घरात
सप्टेंबरपासूनच ओरडून ओरडून ठरत होतं
या खेपेला त्याला काय द्यायचं.

मागे एकदा दिला होता गाण्याचा माईक,
निळा-जांभळा लुकलुकणारा.
त्याआधी बातुमीच्या सहलीचं तिकीट,
चाळीस माणसांच्या बसमधली मधली सीट.
चाळिशीला तर सगळे अंधारात दबा धरून बसले
आणि दिवा लागताच किंचाळले.
तो हसला, प्रत्येकाला मिठी मारली,
मग रात्री दोनपर्यंत भांडी घासत राहिला.
नळ सोडलेला असला की
कुणी बोलायला येत नाही.

घुम्या आहे मेला, म्हणते नानुली मावशी,
जिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मी एतेरी, त्याची धाकटी.
बाजार पालथा घातला. दुकानदार विचारायचे,
आवडतं काय तुमच्या भावाला?
काय सांगू?
तो तराजू दुरुस्त करतो.
काटा थरथरायचा थांबेपर्यंत नुसता बघत बसतो,
तेवढ्यात कुणी हाक मारली
तर पुन्हा पहिल्यापासून.
हे कुठल्या खोक्यात मिळतं?

पुस्तक द्यावं, तर वाचून झालं का विचारणार सगळे.
स्वेटर द्यावा, तर घालून दाखव.
वही घेतली हातात, आणि मावशी आठवली,
ठेवली परत.

घरी येताना पुलावर आठवला तो हिवाळा,
वीज नव्हती महिनोन्महिने.
मी बारा वर्षांची, खुट्ट झालं तरी जागी होणारी.
तो पावाच्या रांगेतून पहाटे परतायचा
आणि दार करकरायचं.
एके दिवशी करकरेनासं झालं.
मला कळलं तेही पंधरा दिवसांनी,
बिजागरीला बोट लागलं तेव्हा.
सूर्यफुलाचं तेल.
त्या वर्षी ते आम्ही थेंबाथेंबाने वाटून घेत होतो.
त्याच्या वाट्याचं होतं.

मी पुलावरून मागे फिरले.

मुर्मानची खोली स्वयंपाकघर आणि गच्चीच्या मधे.
सगळ्यांची वाळवणं, सगळ्यांची मुलं
त्याच्या खोलीतून जातात,
त्याच्या पलंगाला वळसा घालून, बोलत बोलत.

लोहाराच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने
एकच प्रश्न विचारला: आतून की बाहेरून?
आतून, म्हटलं.
बारा लारी. स्क्रू त्याने असेच दिले.

मेजवानीच्या रात्री गोचाने शिंग उचललं,
मुर्मानच्या नावाने एक, त्याच्या बालपणाच्या नावाने एक,
त्याच्या न झालेल्या लग्नाच्याही नावाने एक.
मुर्मान टेबलक्लॉथवरचा एकच डाग बघत होता.
मी उठले. गाणं चढलं
तसा स्क्रूड्रायव्हर फिरवला,
गाणं उतरलं तशी थांबले.
चौथा स्क्रू तिरका गेला. राहू दिला.

रिबीन नाही, टाळ्या नाहीत.
सकाळी मावशीने कडी पाहिली
आणि डोक्यावर हात मारला,
आपल्याच माणसांच्या घरात कड्या कसल्या!
अजून घुश्शात आहे.
मुर्मान काही बोलला नाही. मीही नाही.

चौथ्या दिवशी ओल्या कपड्यांची बादली घेऊन गेले,
तर दार बंद.
सवयीने खांदा लावणार होते,
तशीच थांबले.
त्रेचाळीस वर्षांत मी भावाचं दार
कधी वाजवलंच नव्हतं.
दोन बोटांनी वाजवलं.

आत बराच वेळ काही नाही.
काटा स्थिर व्हायला लागतो तेवढा वेळ.
मग कडी निघाली.

कपडे? त्याने विचारलं.
हो.
बाजूला सरला, बादलीचा एक कान धरला.

जाताना बघितलं,
चौथा स्क्रू
सरळ झाला होता.